खोटं आहे हे माहीत असूनही रडू का येतं?



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. शनिवारची सकाळची शाळा होती. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून घेतलेला एक मोठा टीव्ही आहे. पाचवी ते सातवीची मुलं एकत्र बसवली आणि 'श्वास' हा सिनेमा लावला. मनात विचार असा की मराठीतला एक चांगला सिनेमा मुलं बघतील, मग त्यावर चार ओळी लिहितील, झालाच तर भाषेचा एक उपक्रम. पण तो उपक्रम माझ्याच अंगावर आला. कसा, ते पुढे सांगते.

आधी सिनेमाविषयी थोडं, कारण नव्या पिढीतल्या अनेकांनी तो बघितलेला नाही. 'श्वास' २००४ साली आला. दिग्दर्शक संदीप सावंत. कथा माधवी घारपुरे यांची. कोकणातले एक आजोबा आपल्या लहान नातवाला, परशाला, डोळे दाखवायला शहरात आणतात. तपासणीत कळतं की डोळ्याच्या आत कॅन्सर आहे. जीव वाचवायचा तर ऑपरेशन करावं लागेल आणि ऑपरेशननंतर पोराला दिसणार नाही. डॉक्टरांचा आग्रह असा की हे पोराला आधी सांगायला हवं. सांगायचं कुणी? बस, एवढाच सिनेमा. मारामारी नाही, खलनायक नाही. आजोबा झालेत अरुण नलावडे, परशा झालाय अश्विन चितळे, डॉक्टर संदीप कुलकर्णी आणि दवाखान्यातली समाजसेविका अमृता सुभाष.

या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. मराठीला हा मान आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई' नंतर जवळपास पन्नास वर्षांनी मिळाला. गंमत बघा, दोन्ही सिनेमे रडवणारे आणि दोन्हींत मध्यभागी एक लहान मूल! 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला, तेव्हा तिथल्या प्रचाराच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. मी तेव्हा शाळेत होते. सिनेमासाठी कुणी वर्गणी काढतं हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्याकडे वर्गणी म्हणजे गणपतीची, नाहीतर मंडईच्या नाटकाची.

आता वर्गात काय झालं ते.

डॉक्टर आजोबांना खरं सांगतात तो प्रसंग आला. पहिल्या रांगेतल्या मुली एकदम शांत झाल्या. सातवीतला एक जण फिदीफिदी हसला. मी डोळे वटारले तसा अजूनच हसला. पाचवीतल्या एका पोराने मोठ्यांदा विचारलं, "मॅडम, त्याले आता कायीच दिसनार नायी का?" एक मुलगी ओढणी तोंडात धरून मुसमुसत होती. आणि सहावीतला एक मुलगा, एरवी वर्गात सगळ्यात जास्त बोलणारा, उठला आणि सरळ बाहेर जाऊन बोरिंगजवळ बसला.

मी त्याच्या मागे गेले नाही. मला वाटलं, पाणी प्यायला गेला असेल. सिनेमा संपल्यावर तो वर्गात आला तेव्हा डोळे लाल होते. आणि मी, डी.एड. करून दहा-बारा वर्षं शिकवणारी बाई, सगळ्या वर्गासमोर त्याला विचारते काय, "अरे, रडलास की काय? सिनेमा आहे बाबा तो, खोटं असतं ते." सगळी मुलं हसली. तो खाली बघत बसला.

संध्याकाळी कळलं. त्याच्या मोठ्या भावाला सिकलसेल आहे. त्याच आठवड्यात त्याला मोठ्या दवाखान्यात भरती केलं होतं, रक्त चढवलं होतं, आणि तिथून नागपूरला रेफर केलं होतं. आपल्या भागात 'रेफर' हा शब्द काय आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. कागदावर तो साधा शब्द. गावात मात्र 'रेफर केलं' म्हटलं की बाया कपाळाला हात लावतात.

तर त्या दिवशी मला पडलेला प्रश्न हा. खोटं असतं हे त्या पोरालाही माहीत होतं, मलाही माहीत होतं, ओढणी तोंडात धरणाऱ्या मुलीलाही. तरी रडू का आलं? आणि एकच प्रसंग बघून पाच जणांचं पाच तऱ्हेचं का झालं?

आधी शरीराचं बघू, कारण मुलं तेच विचारतात. भावना दाटून आली की श्वास वाढतो. जास्त हवा आत जावी म्हणून घशातलं दार उघडं राहू पाहतं. त्याच वेळी आपण आवंढा गिळतो, गिळायला तेच दार बंद व्हावं लागतं. या ओढाताणीत घशात गोळा आल्यासारखा वाटतो. खरा गोळा काही नसतो. आणि रडताना नाक का वाहतं? डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात एक बारीक छिद्र असतं, तिथून पाणी नळीने नाकात उतरतं. म्हणून रडणारं पोर आधी नाक पुसतं, मग डोळे. हे सांगितलं की वर्गात हमखास प्रत्येक जण आपला डोळा ओढून छिद्र शोधायला लागतो.

हसणाऱ्या पोराचंही इथेच सांगून टाकते. तो निर्दय नव्हता. सहन न होणारं काही समोर आलं की काही मुलांना हसू फुटतं, मोठ्यांनाही फुटतं. मयतीच्या घरी दोन बहिणींना एकमेकींकडे बघून हसू आवरत नाही, हे तुम्ही पाहिलं असेलच. मी डोळे वटारायला नको होते.

आता मुख्य प्रश्न. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत, नववा शांतरस पुढे आला. त्यातला करुण रस आपल्या कामाचा. त्याचा स्थायीभाव शोक. डी.एड.ला आपण सगळ्यांनी विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव हे पाठ केलंय आणि परीक्षेनंतर विसरलोय! 'श्वास'वर लावून बघा, चटकन समजेल. ज्याच्यामुळे शोक होतो तो परशा, हा आलंबन विभाव. दवाखाना, तिथली वाट बघणारी माणसं, सहीसाठी पुढे केलेला कागद, याने शोक वाढतो, म्हणून हा उद्दीपन विभाव. आजोबांचा दाटलेला गळा, भरलेले डोळे, हे अनुभाव. आणि मध्येच येणारी चिंता, दैन्य, विषाद, हे व्यभिचारी भाव, येतात नि जातात. हे सगळं एकत्र आलं की प्रेक्षकाच्या मनात करुण रस तयार होतो.

पण परशा माझा कोण? कुणीच नाही. मग मला का रडू यावं? याला जुन्या शास्त्रकारांनी 'साधारणीकरण' असं उत्तर दिलं. म्हणजे पडद्यावरचा परशा तेवढ्या वेळापुरता कोकणातला एक ठरावीक मुलगा राहत नाही. तो कुणाचंही लेकरू होतो. त्याचे आजोबा कुणाचेही आजोबा होतात. माझ्या डोळ्यांसमोर माझे आबा आले, जे मला सायकलच्या दांडीवर बसवून इंजेक्शनला न्यायचे. आपलं आणि परक्याचं हे कुंपण मोडतं.

मग दुसरी अडचण. शोक वाईट असतो, तर माणसं पैसे देऊन शोक बघायला का जातात? ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की शोकांत नाटक बघताना भीती आणि करुणा जागी होते आणि मन मोकळं होतं. त्याचा 'कॅथार्सिस' हा शब्द प्रसिद्ध आहे. आपल्याकडे न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' असा शब्द वापरला. शब्द जड वाटतो, अर्थ सोपा आहे. समाधी म्हणजे आपण दुसऱ्याच्या जागी पूर्ण जातो. सविकल्प म्हणजे तरी आपण आपण आहोत हे भान सुटत नाही. एक पाय पडद्यात, एक पाय वर्गात. दोन्ही पाय वर्गातच राहिले तर रडू येणार नाही. दोन्ही पडद्यात गेले तर ते बघणं उरत नाही, भोगणं होतं.

मला त्या बोरिंगजवळ बसलेल्या पोराचं उत्तर इथे सापडलं. त्याचे दोन्ही पाय आत गेले होते. त्याच्यासाठी तो सिनेमा नव्हताच, तो त्याच्या घरचा बुधवार होता. आणि मी त्याला 'खोटं असतं' म्हणाले!

हे सगळं पुस्तकातलं झालं. पण खरं सांगू का, चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला याकरिता नाट्यशास्त्र उघडायची गरज नाही. आपल्याकडे झाडीपट्टी आहे. जे वाचक पुण्या-मुंबईकडचे आहेत त्यांच्यासाठी सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात धान निघाला की दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. गावात मंडई किंवा शंकरपट असला की रात्री नाटक. रात्री दहाला सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. वडसा हे या कंपन्यांचं मोठं केंद्र. हंगामात तिथे कंपन्यांची बुकिंगची ऑफिसं गजबजलेली असतात. याच रंगभूमीवरचे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या शाळेत मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण अनेकांच्या आजोबांनी त्यांचं काम बघितलेलं.

आता झाडीपट्टीचा प्रेक्षक बघा. थंडीत तणीस अंथरून, वर चादर, मांडीवर झोपलेलं लेकरू. नाटकात आई मरते, बहिणीचा संसार मोडतो, कुणी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतो, आणि बाया हुंदके देऊन रडतात. दुसऱ्या दिवशी बांधावर चर्चा काय? "नाटक बेस होतं, लय रडवलन." म्हणजे रडवणं ही तारीफ! नाही रडवलं तर पैसे वाया गेले असं म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रडवणारा प्रवेश संपला की लगेच विनोदी नट येतो. नाहीतर गाणं येतं, वन्स मोअर घेतं. शहरातले लोक नाक मुरडतात, की एवढ्या गंभीर प्रसंगानंतर हे काय? मला तर यात मोठा शहाणपणा दिसतो. सात-आठ तास माणूस नुसता रडवून ठेवाल तर तो घरी कसा जाईल? रडणाऱ्याला मध्ये मध्ये बाहेर काढतात, चहा पाजतात, हसवतात आणि पुन्हा आत नेतात. त्याहून मोठं म्हणजे तिथे कुणी एकटं रडत नाही. शेजारची बाई पण रडत असते, त्यामुळे कुणाला लाज वाटत नाही. ज्या बाईचा नवरा खरंच वारला, तिलाही त्या गर्दीत मोकळं रडता येतं आणि कुणी विचारत नाही की तू नाटकासाठी रडतेस की स्वतःसाठी. माझ्या वर्गात मी नेमकं उलट केलं. लाइट बंद, सगळे गप्प, आणि शेवटी एकाला उभं करून विचारलं.

दवाखान्याच्या प्रसंगांबाबत आपल्या भागात अजून एक वेगळेपण आहे. पडद्यावरचा दवाखाना शहरातल्या माणसाला नेपथ्य वाटतो. आपल्या मुलांना तो तसा वाटत नाही. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आतल्या गावांतून आजारी माणसाला खाटेवर टाकून खांद्यावरून आणतात, हे इथल्या मुलांनी ऐकलेलं नाही, बघितलेलं आहे. हेमलकशाला डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ साली कामाला लागले, तेव्हा सुरुवातीला माडिया लोक दवाखान्यात यायलाच तयार नव्हते. त्यांच्यावर समृद्धी पोरे यांनी २०१४ साली सिनेमा केला, नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी त्यात आहेत. तो बघताना शहरातला प्रेक्षक डॉक्टरांच्या त्यागाने हेलावतो. माझ्या ओळखीच्या भामरागडकडच्या एका पालकाने तो बघून मला वेगळंच सांगितलं. म्हणाले, "मॅडम, मी तं पेशंटच पाहत होतो." ते स्वतः लहानपणी तिथे मलेरियाने भरती होते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या शोधग्रामचा दवाखानाही या संदर्भात आठवतो. तो मोठ्या चकचकीत इमारतीसारखा नाही. त्याला नाव आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं आहे, आणि पेशंटसोबत नातेवाइकांना राहता यावं म्हणून तिथे झोपड्या आहेत. दवाखान्याच्या भिंतींचीच भीती वाटते हे कुणीतरी ओळखलं म्हणून असं झालं. मग तीच भिंत मी पडद्यावर दाखवते तेव्हा मुलाच्या मनात काय हलत असेल?

अजून एक गोष्ट सांगायची आहे, ती रडण्याहून गंभीर आहे. टीव्हीवरच्या डॉक्टरांच्या मालिकांमुळे आपली काही चुकीची समजूत होते. १९९६ साली अमेरिकेत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रसिद्ध नियतकालिकात एक अभ्यास आला. अभ्यास करणाऱ्यांनी टीव्हीवरच्या वैद्यकीय कार्यक्रमांचे ९७ भाग बसून बघितले. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला परत आणण्याचे ६० प्रसंग त्यांत निघाले. त्यातले ७५ टक्के पेशंट लगेच वाचले आणि ६७ टक्के तर बरे होऊन घरी जातील असं दाखवलं होतं. खऱ्या आयुष्यात हे प्रमाण याच्या जवळपासही नसतं. दवाखान्याबाहेर हृदय बंद पडलं तर दहातला एक वाचला तरी पुष्कळ. तसंच, मशीनवर सरळ रेघ आली की डॉक्टर विजेचा झटका देतात, हे आपण शंभर वेळा बघितलंय. प्रत्यक्षात सरळ रेघेला झटका देत नाहीत. हृदय वेडंवाकडं फडफडत असेल तर ती लय जागेवर यावी म्हणून झटका असतो. सरळ रेघ असेल तर छाती दाबणं आणि औषध हाच उपाय.

हे का सांगते? कारण आमच्या गावात एक म्हातारे गेले तेव्हा त्यांचा मुलगा चिडून म्हणाला होता, "टीव्हीवर झटका देते तं माणूस उठते, माह्या बापाले काऊन नायी देला?" त्या मुलाच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. सिनेमा रडवतो ते चांगलंच, पण त्यातला इलाज खरा मानला की दुःख झालेल्या माणसाच्या मनात एक खोटी तक्रार घर करते. छाती दाबायला शिकावं, जरूर शिकावं, वेळेवर केलं तर माणसं वाचतात. फक्त नाही वाचला तर कुणीतरी कसूर केली असंच समजू नये.

'श्वास' या बाबतीत मला प्रामाणिक वाटतो. त्यात चमत्कार होत नाही. परशा बरा होतो पण त्याला दिसत नाही. शेवटी काळा चष्मा लावून होडीतून गावाला परत येतो. त्याचा आजार म्हणजे रेटिनोब्लास्टोमा. तो लहान मुलांना, बहुतेक पाच वर्षांच्या आतल्यांना होतो. फ्लॅश मारून फोटो काढला की बाहुली लाल किंवा काळी दिसायच्या ऐवजी पांढरी चमकते, ही त्याची एक खूण. लवकर कळलं तर डोळाही वाचू शकतो. आपल्या घरच्या बाळाच्या फोटोत असं दिसलं तर फोटो खराब आला म्हणून सोडून देऊ नका, डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा.

आता पुढच्या शनिवारी मी काय केलं ते. सिनेमा परत लावला, पण अर्धा. आधी सांगितलं की यात एक मुलगा आजारी आहे, दवाखाना आहे, ज्याला बघायचं नाही त्याने लायब्ररीत बसावं, कारण विचारणार नाही. तीन मुलं गेली. त्या तिघांत मला वाटला होता तो नव्हता. तो बसला. मी लाइट चालू ठेवला, दारं उघडी ठेवली. मध्ये थांबवून सगळ्यांना बाहेर पळवून आणलं, चिंचेच्या झाडाला हात लावून परत. झाडीपट्टीचा विनोदी नट माझ्याकडे नव्हता, चिंचेचं झाड होतं. 'कोण कोण रडलं' हे विचारलं नाही. लिहायला सांगितलं ते एवढंच, की परशाला दिसत होतं त्या शेवटच्या दिवशी तुम्ही त्याला आपल्या गावात काय दाखवलं असतं? उत्तरं वाचून मीच बराच वेळ गप्प बसले. वैनगंगेचं पाणी, मोहफुलं पडलेली सकाळ, आजीचा चेहरा. एकाने लिहिलं, शंकरपटातली आमची जोडी.

सिकलसेलवरही बोललो. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, म्हणून दुखतं. तो शिवल्याने होत नाही, आईबापाकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक लेकराला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे फळ्यावर दाखवलं तेव्हा त्या पोराने स्वतः हात वर केला आणि भावाला किती बाटल्या रक्त लागलं ते सांगितलं. वर्गात कुणी हसलं नाही.

तास संपल्यावर तो टेबलाजवळ रेंगाळला. विचारलं, "मॅडम, तो परशा आता कुठी रायते?" मी म्हटलं, परशा नाहीच आहे रे, अश्विन चितळे नावाच्या मुलाने काम केलं होतं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यासाठी. आता मोठा माणूस झाला असेल.

"म्हंजे त्याले दिसते?"

"हो, दिसतं की."

तो जोरात पळत बाहेर गेला, बाकीच्यांना सांगायला.